घरी मुद्रित केलेले गाणे—ऐकवावे कसे, ऐकावे कसे?

१. तुम्ही कधी स्वतःचे गाणे घरी ध्वनिमुद्रित करून पाहिले आहे का? कदाचित तुम्ही एखादी चाल बांधली असेल, किंवा गिटार वा पेटी वाजवत एखादे भजन मोबाईल फोनवर टिपून घेतले असेल. मग प्रश्न उभा राहिला असेल: हे कोणाला ऐकवावे काय? आज जगभर असंख्य हौशी गायक व वादक आपली घरगुती गाणी इंटरनेटद्वारे परस्परांना ऐकवतात आणि त्यांविषयी मते मागतात. यात आनंद आहे, तसाच धोकाही आहे. एका अविचारी शब्दाने एखादा उगवता गायक कायमचा गप्प होऊ शकतो. उलटपक्षी, पोकळ स्तुतीमुळे तो वर्षानुवर्षे आहे तेथेच राहू शकतो. यास्तव, ऐकवणारा व ऐकणारा या दोघांनीही काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

घराचा स्टुडिओ कसा झाला?

२. फार वर्षे ध्वनिमुद्रण ही मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी होती. हे चित्र पालटण्यास १९७९ या वर्षी मोठा हातभार लागला. त्या वर्षी जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार ध्वनिपट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या व दोन दुसऱ्या बाजूच्या. या यंत्राने त्या चारही पट्ट्या एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने वापरल्या. त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर केवळ १५ मिनिटे मावत. पण एकटा मनुष्य आधी गिटार, मग आवाज, मग दुसरा आवाज असे थर एकावर एक चढवू शकत होता.

३. याचे एक प्रसिद्ध उदाहरण विचारात घ्या. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील आपल्या घरी याच यंत्रावर काही गाणी टिपून घेतली. ती केवळ कच्ची नमुना-मुद्रणे होती. पुढे वाद्यवृंदासह स्टुडिओत ती नीट गावयाची असा बेत होता. तसा प्रयत्नही झाला. परंतु घरच्या कॅसेटमध्ये जे होते ते स्टुडिओत हाती येईना. शेवटी त्याच कॅसेटवरून ‘नेब्रास्का’ हा संग्रह सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून काय दिसते? मुद्रणाचा खडबडीतपणा व गाण्याचा कमकुवतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद लक्षात ठेवा. मत देताना तो फार उपयोगी पडतो.

४. त्यानंतर साधने अधिकाधिक स्वस्त होत गेली. २००० साली ‘ऑडॅसिटी’ ही मोफत संगणक-प्रणाली उपलब्ध झाली, आणि २००४ मध्ये ॲपल कंपनीची ‘गॅरेजबँड’ आली. पोर्टास्टुडिओत चार थर होते; आता सामान्य संगणकावर कितीतरी अधिक थर ठेवता येतात. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘साउंडक्लाउड’ या सेवेने तर गाण्याच्या आलेखावर नेमक्या क्षणापाशी आपला शेरा नोंदवण्याची सोय केली. २००४ पासून दर फेब्रुवारीत चालणाऱ्या एका उपक्रमात सहभागी होणारे २८ दिवसांत १४ गाणी रचण्याचा प्रयत्न करतात आणि एकमेकांची गाणी ऐकून मते देतात. होय, साधनांची उणीव आता फारशी राहिलेली नाही. उणीव आहे ती चांगल्या कानाची व विचारपूर्वक शब्दाची.

ऐकवण्याआधी कोणती काळजी घ्यावी?

५. पहिला अडथळा बहुधा स्वतःचाच आवाज असतो. मुद्रित केलेला आपला आवाज ऐकून पुष्कळ जण दचकतात व म्हणतात, “हा माझा आवाज नव्हे!” याचे कारण साधे आहे. बोलताना वा गाताना आपला आवाज आपणास हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही. आणि हाडांतून येणारा ध्वनी त्याला अधिक भरदार बनवतो. मुद्रणात तो दुसरा भाग नसतो. इतरांना तुमचा आवाज नेहमी असाच ऐकू येत आला आहे. तेव्हा या दचकण्याला दोष समजू नका; काही दिवस स्वतःचे मुद्रण ऐकत राहिल्यास कान सरावतो.

६. दुसरी गोष्ट खोलीची. उघड्या भिंती व फरशी यांवरून ध्वनी परावर्तित होतो आणि शब्द घुमू लागतात. महागडा मायक्रोफोन घेण्याआधी गाद्या, गोधड्या व कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांच्या जवळ बसून गाऊन पाहा. पंखा बंद करा. मायक्रोफोन तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर व किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांसारख्या अक्षरांचा फुत्कार त्यावर आदळणार नाही. आवाजाची पातळी दाखवणारा काटा कमाल मर्यादेला टेकू देऊ नका. मर्यादेपलीकडे गेलेला आवाज कापला जातो, आणि तो दोष मागाहून पूर्णपणे काढता येत नाही. हळू मुद्रित झालेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो.

७. तिसरी गोष्ट, मूळ प्रत जपा. दुपदरी ध्वनीची न आकसलेली डब्ल्यूएव्ही प्रत दर मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. एमपी३ स्वरूपात ती जागा बरीच घटते, कारण कानाला सहसा न जाणवणारा भाग त्यातून टाकून दिलेला असतो. टाकलेला भाग परत येत नाही. पाठवण्यासाठी एमपी३ चालेल. पण जपून ठेवण्यासाठी नव्हे.

८. ही खबरदारी खरोखरच आवश्यक आहे का? मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेली एक घटना पाहा. ‘मायस्पेस’ या एकेकाळच्या लोकप्रिय सेवेवर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी ठेवलेली गाणी, यंत्रे बदलण्याच्या कामात नष्ट झाली होती. वृत्तांनुसार त्यांची संख्या ५ कोटींहून अधिक होती. पुढील महिन्यात ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने एका जुन्या संग्रहातून सुमारे ४,९०,००० गाणी पुन्हा उपलब्ध केली. परंतु ती एकूण संख्येच्या एक टक्क्याच्या आसपासच होती. ज्यांनी घरी प्रत ठेवली नव्हती त्यांच्यापैकी बहुतेकांची वर्षांची मेहनत गेली. म्हणून जाणकारांचा नियम पाळणे शहाणपणाचे ठरेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर.

९. चौथी गोष्ट हक्कांची. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल व ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. शब्द व चाल यांवरील हक्क साधारणतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांचे शब्द आज कोणीही गाऊ शकतो. पण त्याच शब्दांना अलीकडे कोणी नवी चाल दिली असेल, तर ती त्या संगीतकाराची आहे. आणि दुसऱ्याने तयार केलेली साथसंगत उचलून तिच्यावर गाणे हेही परवानगीवाचून करू नये. अनेकांनी मिळून गाणे रचले असेल, तर कोणी काय केले हे आरंभीच लिहून ठेवा. गाणे आवडते झाल्यावर होणारे पुष्कळ तंटे एवढ्याने टळतात.

दूर राहून एकत्र कसे गावे?

१०. तुम्ही दिल्लीस व तुमचा सोबती पुण्यास असेल, तर इंटरनेटवरून एकाच वेळी गाणे कठीण का जाते? ध्वनी हवेतून एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलीसेकंद लागतात. म्हणून एका खोलीतील वादकांना विलंब जाणवत नाही. तथापि, विलंब सुमारे २५ ते ३० मिलीसेकंदांच्या वर गेला की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय संथ होत जाते. सामान्य इंटरनेट जोडणीवर विलंब बहुधा याहून अधिक असतो. तेव्हा उपाय पोर्टास्टुडिओचाच: एकाने ठेक्यावर आपला थर मुद्रित करून पाठवावा, दुसऱ्याने हेडफोनवर तो ऐकत आपला थर चढवावा. सर्व थरांचा आरंभ एकाच क्षणापासून ठेवावा. मधूनच सुरू होणारा तुकडा पाठवल्यास तो कोठे बसवावा हे कळत नाही.

मत मागणाऱ्याने काय करावे?

११. “कसे वाटले?” असा प्रश्न विचारल्यास “छान!” असेच उत्तर येणार. त्याऐवजी हे गाणे कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगा. चाल अजून बदलता येण्याजोगी आहे का? की सर्व पूर्ण झाले असून केवळ आवाज व वाद्ये यांचा तोल पाहावयाचा आहे? “दुसऱ्या कडव्यातील शब्द स्पष्ट कळतात का?” असा नेमका प्रश्न विचारा. अशाने ऐकणाऱ्याचेही काम सोपे होते.

१२. मते आल्यावर काय? लगेच उत्तर देण्याची व आपली बाजू मांडण्याची ऊर्मी आवरा. गाणे स्वतःबरोबर खुलासा घेऊन फिरत नसते. एकाने एक उणीव दाखवली तर विचार करा. चौघांनी एकाच जागेवर बोट ठेवले तर तेथे निश्चितच काहीतरी अडते आहे. मात्र चौघांनी सुचवलेले उपाय चार प्रकारचे असू शकतात, आणि कदाचित त्यांतील एकही योग्य नसेल. दुखणे श्रोत्याला कळते; औषध शोधणे हे तुमचे काम.

मत देणाऱ्याने काय करावे?

१३. प्रथम, गाणे दोनदा ऐका. पहिल्या वेळी गाण्यास शरण जा. दुसऱ्या वेळी कागद-पेन्सिल घ्या. दोन मुद्रणांची तुलना करावयाची असल्यास त्यांचा आवाज सारखा करून घ्या, कारण जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला उगाच सरस वाटते.

१४. मग स्वतःला विचारा: मला जाणवलेली गोष्ट रचनेची आहे, गायनाची, की मुद्रणाची? “मजा आली नाही” या शब्दांनी कोणाचेच भले होत नाही. याउलट, “१ मिनिट १० सेकंदांपाशी ढोलकी आवाजावर चढते, त्यामुळे ओळीचा शेवट मला कळला नाही,” हे शब्द गायकाला कामाला लावतात. यात निवाडा नाही. ऐकणाऱ्यास जे घडले त्याची नोंद आहे. तसेच चांगले जे आहे तेही नेमकेपणे सांगा. “ध्रुवपदाकडे परतताना घेतलेला श्वास मला भावला,” असे म्हटल्याने गायकास काय राखावयाचे हे समजते. काय राखावे हे न कळल्याने पुष्कळांनी सुधारण्याच्या भरात उत्तम तेच पुसून टाकले आहे.

१५. कठोर गोष्ट सांगणे भाग असेल, उदाहरणार्थ सूर सतत उतरत असेल, तर ती चारचौघांत नव्हे, खासगीत सांगा. आणि मनुष्याविषयी नव्हे, त्या मुद्रणाविषयी सांगा. गाणारा लहान मुलगा वा मुलगी असेल तर अधिकच जपा, आणि आईवडिलांच्या संमतीवाचून ते मुद्रण पुढे पाठवू नका. पण दुखावेल या भयाने खरे लपवणे हीही खरी माया नव्हे. जो तुमच्यावर विश्वासून गाणे हाती देतो, तो तुमच्या कानाची मदत मागत असतो. केवळ गोड शब्दांनी त्याची बोळवण करू नका.

देणेघेणे

१६. शेवटी, मत मागण्याइतकेच मत देण्यासही तयार असा. दुसऱ्याच्या गाण्यातील घाईने घेतलेला श्वास ज्याने ओळखला, त्याला स्वतःच्या गाण्यातीलही ऐकू येऊ लागतो. इतरांची दहा गाणी मन लावून ऐकणारा आपल्या अकराव्या गाण्याकडे नव्या कानांनी पाहतो. ज्या घरगुती गाण्याला अद्याप एकही श्रोता मिळालेला नाही, असे एखादे या आठवड्यात शोधा, दोनदा ऐका, आणि गाणाऱ्याला दोन नेमकी, खरी वाक्ये लिहून कळवा.

उजळणीसाठी प्रश्न

• मुद्रणाचा खडबडीतपणा व गाण्याचा कमकुवतपणा यांत कोणता भेद आहे? ‘नेब्रास्का’चे उदाहरण काय दाखवते?
• मुद्रित केलेला स्वतःचा आवाज परका का वाटतो?
• २०१९ च्या घटनेवरून मूळ प्रती जपण्याविषयी आपण काय शिकतो?
• दूर असलेल्या दोघांनी एकत्र गाण्यासाठी कोणती पद्धत वापरावी, व का?
• उपयोगी मत आणि पोकळ स्तुती यांतील फरक तुम्ही एखाद्या उदाहरणाने कसा समजावून सांगाल?