मुक्या सोबत्याचे देणे

जर्मनीतील बॉन शहराला लागून ओबरकासेल नावाची वस्ती आहे. तेथील दगडाच्या खाणीत १९१४ साली काम करणाऱ्या मजुरांना जमिनीत पुरलेली काही हाडे आढळली. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्या शेजारी एक कुत्रा, असे ते दफन होते. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे! पुढे १०० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१८ साली, संशोधकांनी त्या कुत्र्याच्या दातांचे बारकाईने परीक्षण केले. ते अवघे सात महिन्यांचे पिलू होते. आणि दातांवरील खुणा असे सांगत होत्या की, त्याला पाचव्या महिन्याच्या सुमारास डिस्टेंपर नावाच्या भयंकर रोगाने गाठले असावे. या रोगात पिलाला ताप येतो, ते अन्नपाणी सोडते, त्याला उभेही राहवत नाही. अशा अवस्थेत ते काही आठवडे जगले, ते कोणी तरी त्याला पाणी पाजल्यामुळे, ऊब दिल्यामुळे आणि त्याची घाण पुसल्यामुळेच, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. आजारी पिलाचा शिकारीला काय उपयोग? राखणीला तरी काय? तरीही त्या काळच्या माणसांनी स्वतःच्या पोटाची भ्रांत असताना त्याची शुश्रूषा केली.

गाय, घोडा, शेळी हे प्राणी मनुष्याच्या दारी येण्याच्या कितीतरी आधी कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. काश्मीरमधील बुर्झहोम येथील उत्खननातही नवाश्मयुगातील माणसांबरोबर पुरलेली कुत्री सापडली आहेत. महाभारताच्या आरंभी सरमा नावाच्या कुत्रीची कथा येते. तिच्या पिलाने यज्ञातील हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी जनमेजयाच्या भावांनी त्याला विनाकारण मारले. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, आणि उत्तर न मिळाल्याने राजाला शाप देते. त्याच ग्रंथाच्या शेवटी हिमालय चढणारा युधिष्ठिर, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून एकट्याने स्वर्गात येण्यास नकार देतो. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात. खंडोबाजवळही कुत्रा असतोच. असे असूनही मराठी भाषेने 'कुत्र्याचे जिणे' आणि 'कुत्र्याचे मरण' हे शब्दप्रयोग घडवावेत, यात लोकव्यवहाराचे जे दर्शन होते ते फारसे भूषणावह नाही.

गोष्टीतला कुत्रा आणि घरातला कुत्रा यांत मात्र बरेच अंतर असते. गोष्टीतला कुत्रा मालकाचे प्राण वाचवतो. घरातला कुत्रा पहिल्या रात्री कोणालाही झोपू देत नाही. आईच्या आणि भावंडांच्या उबेतून एकाएकी दूर झालेले ते पिलू अंधारात केविलवाणे कण्हत राहते. आठ आठवड्यांच्या आत पिलाला आईपासून तोडू नये असे जाणकार सांगतात, ते याच कारणाने. आईच्या दुधावर त्याचे शरीर पोसते आणि भावंडांशी खेळताना आपला दात किती जोराने लावावा, याचे पहिले शिक्षणही त्याला तेथेच मिळते.

पिलाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खावयास लागते. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला ताबडतोब बाहेर न्यावे लागते. नाही तर सतरंजी धुवावी लागते. चौथ्या महिन्यापासून त्याचे दुधाचे दात पडून नवे येऊ लागतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवत असल्याने ते चपला, पुस्तके, खुर्चीचे पाय, जे सापडेल ते कुरतडते. पुष्कळ घरांत मार बसतो तो याच वेळी. परंतु तासाभरापूर्वी फाडलेल्या वहीचा आणि आता बसणाऱ्या छडीचा संबंध जोडणे पिलाच्या बुद्धीला शक्य नसते. मालक घरी आला की मार बसतो, एवढेच ते शिकते. ज्या क्षणी त्याने योग्य गोष्ट केली त्याच क्षणी त्याला गोंजारणे, हाच त्याला समजणारा पाठ होय. त्याला चघळण्यासाठी जुन्या कापडाची घट्ट गाठ द्यावी आणि चपला फडताळात ठेवाव्यात, हे छडीपेक्षा स्वस्त पडते.

पिलू आणण्याचा हट्ट बहुधा मुलांचा असतो. पहिले पंधरा दिवस त्याला कोण फिरवणार यावरून भांडणे होतात. महिन्याभराने शाळेची परीक्षा येते, पाऊस लागतो, मित्र खेळावयास बोलावतात, आणि पहाटे साखळी हातात घेऊन बाहेर पडणारी व्यक्ती आई तरी असते किंवा आजोबा तरी. ज्यांना विचारले गेले नव्हते त्यांच्याच गळ्यात हे काम पडते, असा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

कुत्र्याच्या आहाराविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे : घरात जे उरेल ते कुत्र्याचे. खेड्यातील कुत्री भाकरतुकड्यावर जगतात हे खरे; परंतु ती शेतात उंदीर, घुशीही मारून खातात, हे कोणी लक्षात घेत नाही. दाराशी बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नसते. नुसत्या दूधभाकरीवर त्याचे पोषण होत नाही. त्याला अंडी, मांस किंवा त्याच्यासाठी मुद्दाम तयार केलेले खाद्य लागते. कांदा व लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. म्हणून रात्रीचा उरलेला रस्सा त्याच्या ताटलीत ओतणे हा लाड नव्हे. द्राक्षे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट तर त्याला विषासमान असते. कोंबडीचे शिजवलेले हाडही घातक, कारण शिजल्यावर त्याच्या टोकदार ढलप्या निघतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मनुष्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजाच्या गाद्यांतच असतात. म्हणून जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच त्याचा शरीर निववण्याचा मुख्य उपाय. वैशाखात भर दुपारी त्याला डांबरी रस्त्यावरून चालवले तर त्याचे पंजे पोळतात. बंद मोटारीत थोडा वेळ ठेवले तरी प्राणावर बेततो. थंड प्रदेशातील दाट केसांची कुत्री केवळ प्रतिष्ठेसाठी विदर्भात किंवा मराठवाड्यात पाळणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला नसतो. याच मातीत वाढलेली कारवानी कुत्री, जिला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, ती सडपातळ, आखूड केसांची आणि उन्हाला सरावलेली जात आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. उंबरठ्यापाशी आलेले साधे गावठी पिलूही काही कमी चपळ वा कमी प्रेमळ नसते. त्याला किंमत पडत नाही, एवढाच त्याचा दोष.

पावसाळ्यात गोचिडी होतात. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी त्या रक्त पिऊन टम्म फुगतात आणि त्यांच्यापासून कुत्र्याला ताप येतो. रोज दहा मिनिटे अंगावरून उलटा हात फिरवून पाहिले तर त्या सापडतात.

परंतु कुत्रा पाळणाऱ्यावरील सर्वांत मोठी जबाबदारी निराळीच आहे, आणि तिच्यात हयगय झाल्यास तिचे फळ शेजारच्या मुलालाही भोगावे लागते. ती म्हणजे रेबीज या रोगाविरुद्धची लस. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून या रोगाचे विषाणू जखमेत शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. या काळात उपचार झाला तर मनुष्य वाचतो. परंतु एकदा का पाणी पाहून घसा आवळू लागला, वाऱ्याची झुळूक सोसेनाशी झाली, की मग मृत्यू जवळजवळ अटळ ठरतो.

१८८५ सालच्या जुलै महिन्यात अल्सास प्रांतातील जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. पाश्चर हे वैद्य नव्हते. त्यांनी तयार केलेल्या लशीचा गुण कुत्र्यांवर दिसला होता, मनुष्यावर तिची खात्री पटावयाची होती. उपचार चुकला तर दोष त्यांच्या माथी येणार होता. तरीही ६ जुलै रोजी वैद्यांकरवी त्यांनी पहिली लस टोचवली, आणि पुढील दहा दिवसांत आणखी बारा वेळा. मुलगा जगला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत द्वारपाल म्हणून राहिला. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था सुरू झाली आणि दूरदूरचे लोक आगगाडीने तेथे जाऊ लागले. जुन्या पिढीला पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने अजून आठवतात. २००४ नंतर ती जुनी लस भारतात मागे पडली. आता दंडात चार-पाच वेळा टोचून भागते.

कुत्रा चावताच, किंवा त्याचा दात अगर नख लागून ओरखडा उठताच, ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. जखमेवर तिखट, चुना किंवा तेल लावण्याची जुनी रीत सर्वस्वी अपायकारक आहे. धुतल्यावर तडक दवाखाना गाठावा. जखम खोल असल्यास तेथे लशीबरोबर आणखी एक औषध जखमेच्या भोवती टोचतात. चावणारा कुत्रा घरचाच असला तरी डॉक्टरांना दाखविण्यात कसूर करू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्यासाठी उपचार थांबवीत नाहीत. संशयित जनावरांनी चावलेल्यांपैकी शेकडा चाळीस पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठी माणसे रागावतील या भीतीने मूल पुष्कळदा ओरखडा लपवते. ज्या घरात खरे सांगणाऱ्या मुलाला आधी धपाटा मिळतो, त्या घरात हे भय अधिक. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात आणि नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, लस टोचली तर हा सारा प्रसंगच टळतो. अनेक नगरपालिका कुत्र्याचा परवाना देताना या लशीचा दाखला मागतात.

शेजाऱ्यांचाही एक हक्क असतो. सकाळी फिरावयास नेलेल्या कुत्र्याने रस्त्यावर केलेली घाण उचलण्याची लाज वाटता कामा नये. ती दुसऱ्याच्या दारात टाकून येण्याची वाटावयास हवी. 'आमचा कुत्रा काही करीत नाही', हे वाक्य जिन्यात भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या लहान मुलीला मुळीच धीर देत नाही. तेथे साखळी आखडती धरणे एवढेच उपयोगी पडते. उलट दिवाळीत कुत्र्याची बाजू घ्यावी लागते. मनुष्याला ऐकू न येणारे कितीतरी उंच स्वर त्याला ऐकू येतात. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून कित्येक कुत्री दार उघडे दिसताच पळतात आणि हरवतात.

कुत्र्याला जन्मभर बांधून ठेवणे हीदेखील एक क्रूरताच आहे, आणि कायदाही तसेच मानतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार, नेहमी साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणारा मालक अपराधी ठरतो. पाळलेले जनावर कारणावाचून टाकून देणाराही. या अधिनियमात पहिल्या अपराधाबद्दल दंड आहे दहा ते पन्नास रुपये! एका चहाफराळाला आज याहून अधिक पैसे पडतात. म्हणून कायद्याच्या धाकाने फार थोडी कुत्री वाचतात. बदली झाली, घर बदलले, सुटीत कोकणात जायचे ठरले, की काही माणसे आपला कुत्रा दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. मोटारीमागे काही अंतर धावून तो थांबतो, आणि पुष्कळदा त्याच जागी बसून राहतो.

कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. हा हिशेब पिलू आणण्यापूर्वीच करावयास हवा. सहावीतल्या मुलाने आणलेले पिलू म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा झालेला असेल आणि शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बहुधा परगावी गेलेला असेल. कुत्र्याच्या तोंडावरचे केस तोवर पांढरे होतात. मागचे पाय आखडतात, त्यामुळे पायरी चढवत नाही. दात पडल्याने अन्न मऊ करून द्यावे लागते. क्वचित अंथरुणही ओले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून पुढे दिसेनासे झाले, तरी नाकाच्या आणि सवयीच्या आधाराने तो घरभर बिनचूक हिंडतो. अशा वेळी त्याच्या पाण्याच्या भांड्याची जागा मात्र बदलू नये, आणि घरातील खुर्च्या, पेट्याही जेथे होत्या तेथेच राहू द्याव्यात.