‘वेले’ : वाट अडविणे की वाटमारी?

इंग्रजी मजकुराचे मराठी करताना साधे दिसणारे एखादे क्रियापदही अर्थाचा अनर्थ करू शकते. ‘वेले’ हे अशांपैकी एक होय. ‘वे’ म्हणजे वाट आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, मांडणे. जुन्या जर्मन व डच बोलींतील अशाच एका शब्दाच्या धर्तीवर सोळाव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजीत रूढ झाले.

त्याचा मूळ अर्थ, वाटेत दबा धरून बसणे आणि येणाऱ्यास लुटण्यासाठी वा मारण्यासाठी गाठणे, असा आहे. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा, भाग पहिला’ या नाटकात प्रवाशांना लुटण्याच्या बेतासंबंधी ते याच अर्थाने आले आहे. आपला ‘वाटमारी’ हा शब्दही अशाच अनुभवातून घडला. ‘अँबुश’ हा शब्द मात्र थोडा निराळा. त्याच्या मुळाशी झाडीत लपण्याची कल्पना असून तो विशेषतः सैनिकी छाप्यासाठी योजतात. शिवाय तो नाम व क्रियापद असा दोन्ही प्रकारे चालतो. ‘वेले’ हे क्रियापदच आहे. ते सकर्मक असून त्याचे भूतकाळी रूप ‘वेलेड’ असे होते.

पुढे या क्रियापदाला एक सौम्य अर्थही प्राप्त झाला. जाणाऱ्यास वाटेत थांबवून बोलण्यात गुंतविणे, एवढाच तो अर्थ. खरी अडचण येथेच उद्भवते. ‘द व्हिलेजर्स वेलेड द ऑफिसर’ या वाक्याचे मराठी काय करावे? पाणीपुरवठ्याची विचारणा करण्यासाठी ग्रामस्थांनी अधिकाऱ्यास रस्त्यात गाठले असेल, तर तो गुन्हा नव्हे. त्याला पुढे जाण्याचा हक्क असताना जाऊच दिले नाही, तर तो गैरनिरोध ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ अन्वये त्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याउलट, सूर्यास्त ते सूर्योदय या काळात महामार्गावर जबरी चोरी केल्यास कलम ३०९ अन्वये चौदा वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आहे. अर्थात गुन्हा कोणता, हे घटनेवरून ठरते, भाषांतरावरून नव्हे. परंतु विचारपूस करणाऱ्यांना अहवालात ‘दबा धरून हल्ला करणारे’ म्हटले, तर निरपराध माणसांवर विनाकारण संशय ओढवतो.

म्हणून भाषांतर करणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात : वाट पाहणारे लपून बसले होते काय, त्यांचा हेतू काय होता आणि प्रत्यक्षात बळाचा वापर झाला काय. त्यानुसार ‘वाटेत गाठले’, ‘वाट अडविली’ किंवा ‘दबा धरून हल्ला केला’ यांपैकी योग्य तो प्रयोग करावा. संदर्भावरून उलगडा होत नसेल, तर ‘वाटेत गाठले’ असे लिहून मूळ लेखकाकडे खुलासा मागणे श्रेयस्कर. शिक्षकांनीही हा शब्द शिकविताना दोन्ही अर्थांची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. म्हणजे संदर्भानुसार अर्थ कसा पालटतो, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी येईल.