किरणोत्सर्ग : नियम आणि तारतम्य

हाताचें हाड मोडलेल्या मुलाचें क्ष-किरणचित्र काढावें कीं नाहीं, अशी शंका पालक कधीं कधीं आम्हांस विचारतात. किरण वाईट, एवढेंच त्यांनीं ऐकलेलें असतें. परंतु किरणोत्सर्ग कोठें नाहीं? जमीन, आकाश, अन्न व श्वासांतील रॅडॉन वायु यांपासून मनुष्यास दर वर्षीं सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते. केरळांतील मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर तर ती याच्या कित्येक पट भरते. हाताच्या एका चित्राची मात्रा या मानानें अगदींच क्षुल्लक होय. वांकडें जुळलेलें हाड मात्र जन्मभर छळतें.

तथापि नियम उगाच झालेले नाहींत. राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढल्यावर आरंभींच्या कित्येक वैद्यांनीं बोटें, हात, प्राणहि गमावले. पुढें १९२८ सालीं स्टॉकहोम येथें एक आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली. आज सामान्य जनांसाठीं, नैसर्गिक व वैद्यकीय मात्रा सोडून, वर्षाकाठीं १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. ती जीवन व मरण यांमधील रेषा नव्हे. मात्रा वाजवी रीतीनें साधेल तितकी कमी ठेवावी, असें त्या समितीनें १९७७ सालीं सांगितलें. आणि 'वाजवी' म्हणजे किती, हें कोणतेंहि यंत्र मोजून देत नाहीं.

जपानांत फुकुशिमा येथें मार्च २०११ मध्यें अपघात झाला, तेव्हां वीस किलोमीटरांच्या आंतील सर्व लोकांस बाहेर काढण्याची आज्ञा सुटली. धडधाकट माणसांस ती हितकर होती. परंतु जवळच्या फुताबा रुग्णालयांत अंथरुणास खिळलेले वृद्ध होते. त्यांतील कित्येकांस बसगाड्यांत घालून, वैद्य व परिचारिका सोबत नसतां, दहा तासांहून अधिक प्रवास घडला. चाळीसांहून अधिक रुग्ण दगावले; किरणांनीं नव्हे, तर प्रवास, थंडी व उपचारांचा अभाव यांनीं. मात्रा टाळण्याची किंमत कोणी मोजलीच नव्हती.

मग नियम मोडावे काय? त्याच देशांत तोकाइमुरा येथें ३० सप्टेंबर १९९९ रोजीं कामगारांनीं वेळ वांचविण्यासाठीं मंजूर पद्धत सोडून, युरेनियमचें द्रावण बादल्यांनीं टाकींत ओतलें. मर्यादा २.४ किलोग्रॅम युरेनियमची. टाकींत सोळांहून अधिक गेलें. निळा प्रकाश चमकला, आणि तिघांपैकीं दोघे पुढें मृत्यु पावले. ती मर्यादा कशासाठीं आहे, हें त्यांस कोणी नीट शिकविलेंच नव्हतें. दोष शिकविणाऱ्यांचा अधिक, असें आम्हांस वाटतें.

फुकुशिमांतच नियम बदलण्याची दुसरी रीतहि दिसली. आणीबाणीच्या कामगारांची १०० मिलिसीव्हर्टची मर्यादा १४ मार्च रोजीं सरकारनें उघडपणें २५० केली, कारण तप्त अणुभट्ट्यांस पाणी घालण्यास माणसें हवीं होतीं. प्रत्येकाची मात्रा मोजून लिहिण्याचें बंधन मात्र कायम होतें. आणि त्या वर्षाच्या अखेरीस, कांहीं अपवाद वगळतां, ती सवलत मागें घेण्यांत आली.