लबानोनाचे गंधसरू आणि आमचे सागवान

शास्त्रपाठ : १ राजे ५:१–१८, ९:१५–२२, १२:१–१८
मुख्य वचन : याकोब ५:४

जगात मोठमोठी राज्ये झाली व मोठमोठे व्यापार चालले. त्यांच्या बखरींत राजांची व सौदागरांची नावे आढळतात. ओझे कोणी वाहिले हे क्वचितच लिहिलेले असते. पवित्र शास्त्र मात्र ते लपवीत नाही. चंद्रपूर व गडचिरोली ह्या रानमुलखातील मंडळ्यांस आजचा पाठ चांगला समजेल, कारण तो लाकूडतोडीचा आहे.

१. दोन राजांचा सौदा. शलमोनास मंदिरासाठी गंधसरू पाहिजे होते. हीराम राजाने लबानोनातून लाकूड आणवून समुद्रावाटे पाठवावे व शलमोनाने दरसाल २०,००० कोर गहू आणि तेल द्यावे, असे ठरले. दोघेही राजे संतुष्ट झाले. परंतु तो गहू कुणब्याच्या खळ्यातून आला. तोडणीसाठी ३०,००० माणसे वेठीस धरली. ती पाळीपाळीने एक महिना रानात व दोन महिने घरी राहत. शिवाय ७०,००० ओझेवाले, ८०,००० पाथरवट व त्यांवर ३,३०० मुकादम होते. मंदिरास सात वर्षे लागली, राजाच्या वाड्यास तेरा. देशात उरलेल्या परक्या लोकांवर तर कायमची वेठ बसली. वर राजा, खाली मुकादम आणि तळाशी बिगारी, अशी ती उतरंड होती.

२. आमच्या रानाची हकीकत. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले व १८५४ साली इंग्रजांकडे. पुढे आगगाडीचे रूळ पसरू लागले; रुळांखाली घालावयास मजबूत लाकूड हवे होते, म्हणून सरकारची दृष्टी हिंदुस्थानच्या सागवानाकडे वळली. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला. १८७८ च्या कायद्याने तो अधिक कडक झाला व राखीव रान ठरले. जेथे वाडवडील मोकळेपणी मोहफुले वेचीत, तेथे परवानगी मागण्याची पाळी आली. मध्यप्रांतात वनग्रामे वसविली. तेथे राहावयाचे तर जंगलखात्याच्या हाकेसरशी कामास हजर व्हावे, अशी अट असे. १९२७ च्या कायद्याने बांबूसही झाडांत गणले.

३. जोखड हलके करण्याची विनंती. शलमोनामागून लोक रहबामाकडे आले व जोखड हलके करावे असे म्हणाले. वृद्धांनी त्यास लोकांचा सेवक होण्याची सल्ला दिली. त्याने ती झिडकारली, आणि राज्य दुभंगले. वेठीचा अधिकारी अदोराम लोकांच्या दगडांनी मेला.

आमच्या मुलखातील जोखड उशिरा हलके होऊ लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत घातला व त्यावर गावाचा हक्क मानला. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास सुमारे १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हाती आला.

४. बोध. येथे सावध राहावे. इस्राएल लोक स्वतः मिसरात बिगारी होते. तरी सत्ता हाती येताच त्यांच्या राजाने दुसऱ्यांच्या मानेवर तेच जोखड ठेविले. आणि तेही देवाच्या मंदिराच्या नावाने! मंदिरासाठी घेतलेली वेठ ही वेठच होय.

म्हणून आम्ही मंडळ्यांस विनंती करितो की, प्रार्थनामंदिराचे छप्पर घालताना गरीब बंधूची मजुरी ‘देवाचे काम’ म्हणून बुडवू नये. जो आपखुशीने श्रम देतो त्याचे दान देवास मान्य आहे. परंतु ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही, त्याचे दान कसले? तसेच ग्रामसभेत जावे, हिशेब विचारावा आणि तो विधवेसही कळेल असा मोठ्याने वाचून घ्यावा. आमचा प्रभू सेवा करून घ्यावयास नव्हे, तर सेवा करावयास आला.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न
१. शलमोनाच्या सौद्यात लाभ कोणाचा झाला व भार कोणावर पडला?
२. रहबामाने वृद्धांचे का ऐकले नाही?
३. आपल्या गावात व मंडळीत कोणाचे जोखड आपण हलके करू शकतो?