अर्धशक्ती व्यायाम : बलवर्धन आणि स्वतःविषयीची दया

व्यायामाच्या मात्रेचा निकष आपल्या संहितांनी निःसंदिग्धपणे सांगितला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ वा अध्याय आणि अष्टांगहृदयातील दिनचर्याध्याय या दोन्ही ठिकाणी तो ‘अर्धशक्ती’ असाच आहे. अष्टांगहृदयात ही मर्यादा दुर्बलासाठी नसून बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासाठी, तीही शीतकाळी व वसंतात, सांगितली आहे, हे मात्र आपण विसरतो. अन्य ऋतूंत मात्रा याहूनही कमी.

चाळिशीनंतर वजने उचलू लागणारे अनेक रुग्ण आम्ही पाहतो. त्यांची भाषा ऐकण्यासारखी असते. ‘शरीराची खोड मोडायची आहे’, ‘इतकी वर्षे आळस केला, आता भोगतो.’ हा व्यायाम नव्हे, ही शिक्षा होय. शिक्षा फार दिवस सोसवत नाही. तीन आठवड्यांत खांदा धरतो किंवा उत्साह संपतो, आणि रुग्ण पुन्हा स्वतःलाच दोष देतो. शरीर थकल्याचे सांगत असता ते ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा आमच्या मते प्रज्ञापराधच आहे.

अर्धे बल कोणते, हा खरा प्रश्न. सुश्रुताचार्यांनी तोंडाने श्वास घ्यावा लागणे हे लक्षण दिले आहे; मुखशोष आणि कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम ही लक्षणेही परंपरेत सांगितली जातात. ही लक्षणे त्या दिवसाच्या शरीराची आहेत. काल वीस बैठका झाल्या म्हणून आज जागरणानंतरही वीस व्हाव्यात, असा हट्ट शास्त्राला मान्य नाही. वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहूनच व्यायाम करावा, असे तेथेच सांगितले आहे. आधुनिक प्रशिक्षकही नवशिक्याला प्रत्येक फेरीत दोन-तीन आवृत्त्या हातच्या राखून थांबावयास सांगतात.

वृद्धांविषयी थोडा विचार हवा. वाग्भटाचार्य वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र प्रौढांप्रमाणेच पासष्टीपुढेही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाचा व्यायाम सुचवितात. आम्हांस यात विरोध वाटत नाही. निषेध दमछाक करणाऱ्या व्यायामाचा आहे. चरकोक्त व्यायामशक्ती परीक्षेने अवर बल ठरले, तर खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणे हाच त्या व्यक्तीचा व्यायाम. बल सहज व कालज असते तसेच युक्तिकृतही असते. साठीनंतर आपल्या हाती उरते ते हेच.

रुग्णाला आम्ही एक वही ठेवावयास सांगतो. तीत वजनाच्या आकड्याआधी झोप, भूक व मलप्रवृत्ती लिहावयाची. तिन्ही बिघडली असतील त्या दिवशी केवळ अभ्यंग व चालणे. अशी सुटी लिहून दिली की ती पथ्य ठरते, पराभव वाटत नाही. हा फरक औषधाइतकाच उपयोगी पडतो.

औषधालयचालकांकडे ‘ताकदीचे काही द्या’ म्हणणारा येतो. अश्वगंधा किंवा प्रथिनचूर्ण देण्यापूर्वी त्याने व्यायाम किती दिवसांत किती वाढविला, एवढे अवश्य विचारावे. अतिव्यायामानंतर स्नायू ताठरले, तीव्र दुखू लागले आणि मूत्र काळपट तांबूस झाले, तर कोणतेही बल्य न देता त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. स्नायुपेशी फुटून वृक्कांवर आघात झाल्याचे ते लक्षण असू शकते.