टोमॅटोचे वन्य आप्त : प्रतिकारक्षमतेचे मूळ भांडार

टोमॅटो हे पीक आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याच्या परकीय मुळाचा सहसा विसर पडतो. पेरू, इक्वेडोर व चिली या देशांतील अँडीज पर्वताचे पश्चिम उतार आणि गालापागोस बेटे येथे टोमॅटोच्या सुमारे डझनभर वन्य प्रजाती आढळतात. लागवडीखालील टोमॅटो तेथून मेक्सिको, पुढे सोळाव्या शतकात युरोप व नंतर उर्वरित जग असा पसरला. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर मोजकेच बियाणे पुढे गेले. त्यात हे पीक मुख्यत्वे स्वपरागीभवनाने वाढणारे. परिणामी मोठे व मांसल फळ मिळाले, परंतु पिकाची आनुवंशिक विविधता आटत गेली. वन्य प्रजाती मात्र दुष्काळ, क्षार, कीटक व रोग यांच्याशी झुंजत राहिल्या. पैदासकार त्यांच्याकडे वळतात ते याच कारणाने.

एका संकरातून आलेले जनुक

मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धचे ‘एमआय’ जनुक हे याचे बोलके उदाहरण आहे. हे जनुक सोलॅनम पेरुव्हिएनम या वन्य प्रजातीतील आहे. ही प्रजाती लागवडीच्या टोमॅटोशी सहजासहजी संकरित होत नाही. फळ धरले तरी बीजातील भ्रूण पोसला जात नाही. कॅलिफोर्नियातील पी. जी. स्मिथ यांनी असा भ्रूण बाहेर काढून कृत्रिम माध्यमावर वाढविला आणि ते कार्य १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. आज प्रचलित असलेल्या सूत्रकृमी-प्रतिकारक वाणांतील या जनुकाचा उगम त्याच संकरापर्यंत पोहोचतो. पुढे असेही दिसून आले की हेच जनुक बटाट्यावरील मावा आणि काही प्रमाणात पांढरी माशी यांनाही विरोध करते. एकच जनुक सूत्रकृमी व रसशोषक कीटक या दोन्हींविरुद्ध कार्य करते, ही कीटकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय.

पर्णगुच्छ विषाणू व पांढरी माशी

भारतात टोमॅटोचे मोठे नुकसान करणाऱ्या पर्णगुच्छ (लीफ कर्ल) विषाणूंचा प्रसार पांढरी माशी करते. या विषाणूंविरुद्धची ‘टीवाय-१’ व ‘टीवाय-३’ ही जनुके सोलॅनम चिलेन्स या प्रजातीतून, तर ‘टीवाय-२’ हे सोलॅनम हॅब्रोकायटिस या प्रजातीतून आले. टीवाय-२ धारण करणारी ‘एच-२४’ ही मालिका कल्लू व बॅनर्जी या भारतीय शास्त्रज्ञांच्या संशोधनाचे फलित असून ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही मालिका इतर देशांतील पैदास कार्यक्रमांतही वापरली गेली. बंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तीन रोगांना प्रतिकारक आहे. ‘अर्का अभेद’मध्ये उशिरा येणाऱ्या करप्याची भर पडली.

पानांवरील लव : एक रासायनिक कवच

विषाणूला रोखणे आणि कीटकाला रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्य टोमॅटोच्या पानांवर ग्रंथियुक्त केसांची दाट लव असते. सोलॅनम पेनेली व सोलॅनम गालापागेन्स यांच्या केसांतून अ‍ॅसिलशर्करा हा चिकट पदार्थ स्रवतो. त्यामुळे पांढरी माशी पानावर स्थिरावत नाही आणि अंडीही कमी घालते. सोलॅनम हॅब्रोकायटिसच्या काही नमुन्यांत झिंजिबेरीन, तर काहींत ‘२-ट्रायडेकॅनोन’ हे संयुग आढळते. ही संयुगे अनेक कीटकांना घातक ठरतात. २०१४ मध्ये भारतात प्रथम आढळलेली नागअळी (टुटा अ‍ॅब्सोल्युटा) मूळची दक्षिण अमेरिकेचीच. त्यामुळे तिच्याविरुद्धचा प्रतिकार त्याच भूमीतील वन्य प्रजातींत शोधणे स्वाभाविक आहे.

मर्यादांचे भान

वन्य जनुकासोबत त्याच्या शेजारचे नको असलेले गुणही येतात, उदा. लहान फळ, कडवटपणा किंवा उशिरा पक्वता. ते दूर करण्यासाठी अनेक पिढ्यांचे पश्चसंकर करावे लागतात. अ‍ॅसिलशर्करेसारखा गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने तो वाणात उतरविणे आणखी कठीण जाते. शिवाय दाट व चिकट लव शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. फळ पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यांवर उपजीविका करणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म मित्रकीटकाची हालचालही तिच्यामुळे मंदावते. म्हणून नवा वाण निवडताना मित्रकीटकांवरील परिणाम तपासणे अगत्याचे आहे.

एमआय जनुकाचा प्रभाव मातीचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास ओसरतो. उन्हाळी लागवडीत प्रतिकारक वाणाच्या मुळांवरही गाठी दिसतात, त्याचे हे एक कारण असू शकते. त्यावरून बियाणे बनावट असल्याचा निष्कर्ष लगेच काढू नये. टीवाय-२ सर्व प्रकारच्या पर्णगुच्छ विषाणूंविरुद्ध सारखेच प्रभावी नाही, म्हणून एकाच वाणात दोन जनुके एकत्र आणली जातात. तसेच, प्रतिकारक झाडात विषाणू अल्प प्रमाणात राहू शकतो. असे झाड निरोगी दिसले तरी त्यावरील माशी शेजारच्या संवेदनशील वाणापर्यंत रोग नेऊ शकते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- ‘विषाणूमुक्त वाण’ असा शब्दप्रयोग टाळावा. वाण कोणत्या रोगास व किती प्रमाणात प्रतिकारक आहे, हे पाकिटावरून वाचून सांगावे. ‘एचआर’ म्हणजे उच्च व ‘आयआर’ म्हणजे मध्यम प्रतिकार.
- प्रतिकारक वाणाचीही रोपवाटिका ५० मेश नायलॉन जाळीत करावी. पिवळे चिकट सापळे लावावेत व सुरुवातीची रोगट रोपे उपटून नष्ट करावीत.
- सूत्रकृमीग्रस्त शेतात प्रतिकारक वाणासोबत पिकांची फेरपालट व झेंडूची लागवड करावी.
- प्रतिकारक वाणावर तीव्र लक्षणे दिसल्यास वाण, लागवडीची तारीख व ठिकाण यांची नोंद करून नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवावे. विषाणूचा नवा प्रकार वेळीच ओळखण्यास अशा नोंदी उपयोगी पडतात.

प्रतिकारक जनुक हे निसर्गाकडून मिळालेले मोजके धन आहे. एकाच जनुकावर विसंबून त्याच वाणाची सर्वत्र सलग लागवड केल्यास त्यावर मात करणारा विषाणू किंवा सूत्रकृमी निवडला जातो आणि अनेक वर्षांचे परिश्रम काही हंगामांत निष्प्रभ होऊ शकतात. एकात्मिक व्यवस्थापनाची जोड मिळाल्यास तेच जनुक दीर्घकाळ शेतकऱ्याच्या उपयोगी पडते.