औद्योगिक डिझाईनचा पोर्टफोलिओ कसा तयार करावा?

वापराच्या वस्तूंना सोयीचे रूप देणे म्हणजे औद्योगिक डिझाईन. या शिक्षणासाठी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था १९६१ साली, तर पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाईन केंद्र १९६९ साली सुरू झाले. पवई केंद्राचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी हे जे. जे. कलाशाळेत व पुढे जर्मनीतील उल्म येथे शिकले.

या क्षेत्रात मुलाखतीच्या वेळी पोर्टफोलिओ पाहतात. पोर्टफोलिओ म्हणजे सुंदर चित्रांची वही नव्हे; विद्यार्थ्याने विचार कसा केला, हे त्यातून दिसावे लागते.

उदाहरणार्थ, अमळनेरच्या बाजारातील भाजीची हातगाडी घ्या. गाडीवाल्याला विचारून त्याचे काम दिवसभर पाहा. कंबर केव्हा वाकते, चाक कोठे अडते, भाजी कशाने सुकते, हे टिपा. दांड्याची उंची मोजा. मग आठ-दहा कच्ची रेखाटने काढा, पुठ्ठ्याचे मॉडेल करा, ते त्याच गाडीवाल्याला दाखवा आणि त्याच्या सांगण्यावरून बदल करा. टाकून दिलेली रेखाटने फाडू नका. ती का टाकली, हे शेजारी लिहा. प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. गटात काम केले असल्यास आपला वाटा स्पष्ट नोंदवा. असे तीन-चार प्रकल्प नीट मांडले तरी पुरे.

विद्यार्थी मित्रहो, सुरुवातीला महागड्या संगणकावाचून अडत नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हातांनी कष्ट झाले, तेथील मुलांना अवजाराची अडचण जवळून ठाऊक असते. तेच आपले भांडवल होय. ते कागदावर उतरवा.